पेटीतलं काळीज



माझी आजी दुसरेपणाची. आजोबांची पहिली बायको बाळंतपणात गेली, तेव्हा मागे सहा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा होता. आजी सतराव्या वर्षी त्या घरात आली ती एकदम दोन मुलांची आई होऊनच. पुढे तिला स्वतःची मुलं झाली, त्यांतले धाकटे माझे वडील. हे सगळं मला कळलं तेव्हा मी चौदा-पंधरा वर्षांची असेन, कारण आमच्या घरात 'सावत्र' हा शब्द कुणी उच्चारत नसे. आत्या ती आत्या, मोठे काका ते मोठे काका.

आजी आम्हाला हिमगौरीची गोष्ट सांगायची. तिच्या गोष्टीत आरसा होता, सात बुटके होते, विषारी सफरचंद होतं, पण सावत्र आई नव्हती. एक चेटकीण होती. ती राजवाड्यात कुठून आली, राजाची कोण लागत होती, हे आजी सांगत नसे आणि आम्हीही विचारत नसू. पुढे शाळेच्या वाचनालयातल्या पुस्तकात मी 'सावत्र आई' असं वाचलं, तेव्हा मला वाटलं की छापणाऱ्याची चूक झाली आहे.

ज्या बाईंच्या स्मृतीसाठी आपण दर वर्षी इथे जमतो, त्यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून बायकांच्या तोंडच्या कहाण्या उतरवून घेतल्या. एकच कहाणी दोन आळ्यांमध्ये दोन तऱ्हांनी ऐकू आली, तर त्या दोन्ही लिहीत. खरी कुठली, असं कधी विचारत नसत. म्हणून त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून एका अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेबद्दल बोलताना मला संकोच वाटत नाही. जुनी गोष्ट नव्या तोंडातून निघते तेव्हा तिचं काय होतं, हाच त्यांचा विषय होता आणि माझाही आजचा विषय तोच आहे.

मालिकेचं नाव 'वन्स अपॉन अ टाइम'. एबीसी वाहिनीवर 23 ऑक्टोबर 2011 रोजी ती सुरू झाली आणि 18 मे 2018 रोजी संपली. सात पर्वं, 155 भाग. एडवर्ड किट्सिस आणि अ‍ॅडम होरोविट्झ या जोडीनं ती निर्माण केली. दोघंही त्याआधी 'लॉस्ट' या मालिकेच्या लेखकांत होते, आणि वर्तमान व भूतकाळ यांच्यात येरझाऱ्या घालत गोष्ट सांगायची तिथली सवय त्यांनी इकडे आणली. परीकथेत ही सवय किती उलथापालथ करते ते पाहण्यासारखं आहे. परीकथेतल्या माणसांना भूतकाळ नसतो. आटपाट नगराला सन नसतो, राजाला बालपण नसतं, आणि दुष्ट राणी पहिल्या वाक्यापासूनच दुष्ट असते. या दोघांनी प्रत्येकाला भूतकाळ दिला.

थोडक्यात सांगते. दुष्ट राणी रेजिना शाप देते आणि मंतरलेल्या अरण्यातली सगळी माणसं मेन राज्यातल्या स्टोरीब्रुक नावाच्या गावात येऊन पडतात. (चित्रीकरण कॅनडात, व्हँकुव्हरजवळच्या स्टीव्हस्टन या मासेमारीच्या जुन्या गावात झालं. तिथला ओलसर, करडा उजेड गोष्टीच्या फार कामी आला आहे.) गावातलं घड्याळ सव्वाआठला थांबलेलं. अठ्ठावीस वर्षं कुणाचं वय वाढत नाही आणि आपण कोण होतो हे कुणाला आठवत नाही. हिमगौरी शाळेत शिकवते. तिचा राजपुत्र इस्पितळात बेशुद्ध पडून आहे, आणि ती त्याच इस्पितळात सेवा करायला जाते, पण हा आपला नवरा हे तिला ठाऊक नाही. लाल टोपीवाली आजीच्या खानावळीत वाढपीण आहे. पिनोकिओचा बोलका रातकिडा मानसोपचारतज्ज्ञ झाला आहे. राणी गावची महापौर आहे.

या शापात कुणाला फाशी नाही की वनवास नाही. सगळ्यांना छप्पर आहे, पोटाला अन्न आहे. फक्त आपली गोष्ट त्यांच्याकडून काढून घेतली आहे. मला ही कल्पना फार खोल वाटते. माणसाला उद्ध्वस्त करायचं तर मारायलाच हवं असं नाही, त्याची माणसं त्याच्या डोळ्यांसमोर ठेवून ओळख तेवढी पुसली की झालं. ज्यांच्या घरात स्मृतिभ्रंशाचं माणूस आहे त्यांना मी हे समजावून सांगायला नको.

या गावात एकच मूल वाढतं आहे, दहा वर्षांचा हेन्री. रेजिनानं त्याला बाहेरून दत्तक आणला आहे. त्याला गोष्टींचं एक जाडजूड पुस्तक मिळतं, आणि त्यातून त्याला उमगतं की आपली आई म्हणजे त्या पुस्तकातली दुष्ट राणी. मग तो घर सोडून बॉस्टनला जातो आणि आपल्या जन्मदात्या आईला, एमा स्वानला, शोधून आणतो. एमा म्हणजे हिमगौरीची मुलगी, शापातून वाचवण्यासाठी तान्हेपणीच या जगात पाठवलेली. मालिकेची जाहिरात राजपुत्र-राजकन्येच्या प्रेमावर झाली असेल, पण तिचा कणा हा आहे. एक मुलगा, दोन आया, आणि त्यांतल्या एकीवर पुस्तकात लागलेला शिक्का.

आता काळजाकडे येते.

ग्रिम बंधूंच्या संग्रहात राणी शिकाऱ्याला सांगते की मुलीला रानात नेऊन मार आणि खूण म्हणून तिचं फुप्फुस आणि यकृत आण. शिकारी एका रानडुकराचे अवयव आणून देतो आणि राणी ते मीठ घालून शिजवून खाते. 1937च्या डिस्नेच्या चित्रपटात यकृताच्या जागी हृदय आलं आणि ते ठेवायला एक पेटी आली. आपल्या भाषेला मात्र हा बदल करावाच लागला नसता. आपलं 'काळीज' मुळात यकृत. खाटकाकडे आपण कलेजी मागतो ती यकृताचीच. पण पोटच्या पोराला काळजाचा तुकडा म्हणतो तेव्हा काळीज छातीत असतं. ग्रिमचा शिकारी आणि डिस्नेची राणी मराठीत एकाच शब्दात बसतात.

मालिकेनं ती पेटी घेतली आणि उघडली. इथल्या राणीला जिवंत माणसाच्या छातीत हात घालून काळीज बाहेर काढता येतं. माणूस मरत नाही. तो चालतो, बोलतो, काम करतो. काळीज पेटीत धडधडत राहतं आणि ते ज्याच्या मुठीत, त्याचा हुकूम चालतो. शिकाऱ्यानं हिमगौरीला सोडून दिलं हे कळल्यावर राणी त्याचंच काळीज काढून घेते. तोच शिकारी स्टोरीब्रुकमध्ये पोलीसप्रमुख ग्रॅहम म्हणून वावरतो. आपल्या आत काही नाही, आपल्याला काही वाटत नाही, एवढंच त्याला जाणवत असतं. पहिल्या पर्वाच्या सातव्या भागात त्याला सगळं आठवतं, आणि त्याच क्षणी राणी आपल्या तळघरात त्याचं काळीज चुरगाळून राख करते. जेमी डॉर्ननचा चेहरा तेव्हा ज्यांनी पाहिला, ते तो विसरले नसतील.

मी हा भाग पाहिला तेव्हा मला पहिल्यांदा पोपट आठवला. आपल्याकडे राक्षसाचा जीव राक्षसात नसतो. तो सात समुद्रांपलीकडे, एका झाडाच्या ढोलीत, पिंजऱ्यातल्या पोपटात असतो. ही गोष्ट महाराष्ट्रात कुणी ऐकली नसेल असं मला वाटत नाही. पण ती जगाला वाचायला कशी मिळाली, हे कमी लोकांना ठाऊक आहे. 1865-66च्या हिवाळ्यात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर होते. बरोबर त्यांची मुलगी मेरी होती, आणि मेरीची आया अ‍ॅना लिबेराता डिसूझा. अ‍ॅनाचं घराणं मूळचं कालिकतकडचं लिंगायत. ते गोव्याजवळ येऊन राहिलं, आणि तिथे तिचे आजोबा ख्रिस्ती झाले. छावणीत मेरीला सोबतीला दुसरी बाई नव्हती, तेव्हा तिनं अ‍ॅनाला गोष्टी सांगायला लावलं आणि त्या लिहून काढल्या. अ‍ॅनानं त्या आपल्या आजीकडून ऐकल्या होत्या. 1868 साली लंडनमध्ये 'ओल्ड डेक्कन डेज' या नावानं पुस्तक निघालं. त्यात मेरीनं अ‍ॅनाच्या आयुष्याची हकीकतही तिच्याच तोंडून घेऊन छापली. गोष्ट सांगणाऱ्या बाईचं नाव, घर आणि दुःख छापणं हे त्या काळात किती दुर्मीळ होतं, ते इथल्या अभ्यासकांना माहीत आहे.

त्या पुस्तकात पंचकिन नावाच्या जादूगाराची गोष्ट आहे. दूरच्या जंगलात ताडांचं रिंगण, मध्ये एकावर एक रचलेली पाण्याची सहा मडकी, सर्वांत खालच्या मडक्याखाली पिंजरा, आणि पिंजऱ्यात छोटा हिरवा पोपट. मुलगा पोपटाचा पंख उपटतो तसा जादूगाराचा हात गळून पडतो. शेवटी तो पोपटाची मान मुरगळतो. आणखी एक गोष्ट आहे, सोदेवाबाईची. तिचा जीव जन्मापासून गळ्यातल्या सोन्याच्या हारात आहे. तिच्या पायातला एक जोडा डोंगरावरून खाली पडतो, तो एका राजपुत्राला मिळतो, आणि जोड्याच्या मागावरून लग्न होतं. मग राजपुत्राची पहिली बायको मत्सरानं तो हार चोरवते. सोदेवाबाई मरते, पण तिच्या देहावरचं तेज जात नाही. तिला पुरायला राजपुत्राचं मन धजत नाही, म्हणून तो तिला एका छत्रीखाली ठेवतो. रात्री हार चोरणारी तो उतरवून ठेवते, तेवढ्या वेळापुरती ती जिवंत होते.

सिंड्रेलाचा जोडा, हिमगौरीची न कोमेजणारी काया आणि पोपटातला जीव एकाच कोकणी आयेच्या आजीजवळ होते. परीकथा जर्मनीची की फ्रान्सची की आपली, या वादात मला गोडी नाही, आणि कोण कुणाकडून शिकलं हेही मी सांगणार नाही. मला वेगळंच काही दाखवायचं आहे. अ‍ॅनाच्या दोन गोष्टींत जीव शरीराबाहेर ठेवण्याचे दोन अर्थ आहेत. जादूगाराचा जीव बाहेर आहे तो मरण टाळण्यासाठी, म्हणून तो सापडला की मान मुरगळायची. सोदेवाबाईचा जीव बाहेर गेला तो चोरीला, म्हणून तो सापडला की परत गळ्यात घालायचा. दुष्टाचा जीव नष्ट करायचा, सज्जनाचा परत द्यायचा. जुन्या गोष्टीत याबद्दल कधी घोळ नव्हता.

मालिकेनं हा घोळ मुद्दाम घातला, आणि माझ्या मते तिचं सारं मोल त्यातच आहे. तिनं विचारलं की दुष्ट राणीचं काळीज सापडलं, तर काय करायचं?

त्यासाठी तिनं राणीला आई दिली. कोरा. ही कोरा म्हणजे रम्पलस्टिल्टस्किनच्या गोष्टीतली गवताचं सोनं करून दाखवायला लावलेली गिरणीवाल्याची मुलगी. राज्यापेक्षा प्रेम वरचढ ठरू नये म्हणून तिनं स्वतःच्या हातानं स्वतःचं काळीज काढून ठेवलं. रेजिनाचं प्रेम पागेतल्या डॅनियल नावाच्या तरुणावर होतं. लहानग्या हिमगौरीच्या तोंडून ते कोराला कळलं. मुलीनं भाबडेपणानं सांगितलं, आईनं डॅनियलचं काळीज उपटून चुरगाळलं, आणि रेजिनाला हिमगौरीच्या म्हाताऱ्या बापाशी लग्न करावं लागलं. म्हणजे सावत्र आई कशी होते, तर ती आधी कुणाची तरी मुलगी असते. लाना पॅरिला या अभिनेत्रीनं ही बाई उभी केली आहे. जरीचा घोळदार पोशाख आणि आरशापुढचं फुत्कारणं तिला येतंच. पण दत्तक मुलगा "तू माझी आई नाहीस" म्हणतो आणि ती रात्रीच्या जेवणाची भांडी आवरत राहते, तिथे तिच्या मानेच्या एका वळणात जे येतं, ते मला जास्त मोठं वाटतं.

रम्पलस्टिल्टस्किनबद्दल बोलायला लागले तर दुसरं व्याख्यान होईल. रॉबर्ट कार्लाइलनं त्याला सूत कातणारा भित्रा माणूस म्हणून सुरू केलं आहे. मुलाला लढाईवर नेतील या धास्तीनं तो काळी विद्या घेतो, त्या विद्येपायीच मुलगा गमावतो, आणि मग मुलाला शोधण्यासाठी अख्खा शाप रचून घेतो. इथेही मूल आहेच.

आता सावत्र आईचा इतिहास पाहू. ग्रिम बंधूंच्या संग्रहाचा पहिला खंड 1812 साली निघाला. त्यातल्या हिमगौरीचा जीव घेऊ पाहणारी राणी तिची सख्खी आई आहे. 1819च्या आवृत्तीत सख्खी आई बाळंतपणात मरते आणि सावत्र आई येते. पुढे हान्सेल आणि ग्रेटेलच्या आईचंही असंच झालं, 1840च्या आवृत्तीत तीही सावत्र ठरली. संग्रह घरोघरच्या मुलांसाठी होता, आणि आई या शब्दावर डाग नको होता. डाग तर कुठेतरी ठेवायला हवा होता, तो सावत्र आईच्या पदरात टाकला. त्या काळात बाळंतपणात बायका मरत, घरोघर दुसऱ्या बायका येत, कोवळ्या मुली परक्याच्या मुलांच्या आया होत. त्या सगळ्यांच्या कपाळी हा शिक्का आला आणि दोनशे वर्षं राहिला. आपल्याकडेही 'सावत्रपणाची वागणूक' असं आपण सरकारपासून सासरपर्यंत कुणालाही बोलतो. आपल्या कहाण्यांत नावडती राणी गुरांच्या गोठ्यात राहते आणि देव तिलाच पावतो, हे मला लहानपणापासून आवडत आलं आहे. पण नावडतीला न्याय देणाऱ्या त्या कहाण्यांनीही सावत्र आईला फारसा दिला नाही.

म्हणून रेजिना ही व्यक्तिरेखा मला फार महत्त्वाची वाटते. मालिकेनं सावत्र आईला आईपणाच्या आत घेतलं. आणि ते करताना तिचे अपराध लपवले नाहीत. तो शाप देण्यासाठी सर्वांत प्रिय माणसाचं काळीज लागतं, आणि रेजिना आपल्या बापाचं काळीज देते. त्याचं नाव हेन्री. दत्तक मुलाचं नाव तिनं तेच ठेवलं आहे. आपण केलेल्या हत्येला ती रोज जेवायला हाक मारते.

मालिकेवर माझा एक गंभीर आक्षेप आहे. ग्रॅहमचा हिशेब तिनं कधी केला नाही. काळीज काढून घेतलेल्या माणसाला राणीनं वर्षानुवर्षं आपल्या शेजेवर बोलावलं. त्याला नाही म्हणायची सोय नव्हती. जागा उलट असत्या, काळीज बाईचं आणि मूठ पुरुषाची असती, तर त्या गोष्टीला काय म्हणायचं हे आपल्या सर्वांना लगेच सुचलं असतं. राणीनं जाळलेल्या गावांतली माणसंही पुढच्या पर्वांत कुणाला आठवत नाहीत. क्षमा करायची तर ज्याचं गेलं त्याला आधी विचारायला हवं. मालिका हे विचारत नाही, कारण तिला पुढच्या आठवड्याचा भाग करायचा असतो. बहुतेक पर्वांना बावीसच्या आसपास भाग, त्यामुळे दर पर्वात नवा खलनायक आणि नवा शाप. 'फ्रोझन' चित्रपट गाजल्यावर चौथ्या पर्वात एल्साही आली. वाहिनी आणि चित्रपट दोन्ही डिस्नेचे, त्यामुळे दार उघडंच होतं. सातव्या पर्वात बरेच मुख्य नट नव्हते आणि गोष्ट सिअ‍ॅटलच्या एका वस्तीत नेली. तिथे माझं मन रमलं नाही, आणि त्याबद्दल अधिक बोलावं असं त्यात मला काही सापडलं नाही.

पण दोन चुंबनांबद्दल बोलायलाच हवं.

ग्रिमच्या हिमगौरीत चुंबन नाही. काचेची शवपेटी वाहून नेताना हिसका बसतो आणि घशात अडकलेला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो. राजपुत्राचं चुंबन डिस्नेनं दिलं. मालिकेनं ते चुंबन घेतलं आणि पहिल्या पर्वाच्या अखेरीस आईच्या हाती सोपवलं. रेजिनानं एमासाठी विषारी सफरचंदाचं सारण भरून खाणं केलेलं असतं, ते हेन्री मुद्दाम खातो. इस्पितळात तो गेल्यासारखा पडलेला असताना एमा त्याच्या कपाळावर ओठ टेकते, आणि अख्ख्या गावाचा शाप तुटतो. एमा जन्मदाती आहे, म्हणून कुणाला नवल वाटलं नाही.

दुसरं चुंबन तिसऱ्या पर्वात आहे. त्याआधी एक प्रसंग येतो. हेन्री आणि एमा यांना वाचवायचं तर रेजिनाला हेन्रीपासून कायमचं दूर जावं लागणार असतं. जाताना ती त्या दोघांना एक भेट देते. त्यांच्या आठवणी ती नव्यानं लिहिते, अशा की एमानं हेन्रीला जन्मापासून सांभाळलं. दहा वर्षं भरवणारी, अभ्यास घेणारी, रात्री जागणारी आई त्या आठवणींत कुठेच नाही. तिनं स्वतःला मुलाच्या गोष्टीतून पुसून टाकलं. वर्षभरानं परत भेट होते तेव्हा हेन्रीला ती परकी बाई वाटते. मग ते जुनं पुस्तक त्याच्या हातात येतं, त्याला सगळं आठवतं, आणि रेजिना त्याच्या कपाळावर ओठ टेकते. गावावर पडलेला नवा शाप तुटतो. त्या वेळी रेजिनाचं काळीज तिच्या शत्रूनं चोरून नेलेलं आहे. ते तिच्या छातीत नाही.

तो भाग मी पाहिला, त्या सुट्टीत गावी गेले. आत्या तेव्हा ऐंशीच्या पुढे होती. निवडलेले तांदूळ सुपात, आणि ती भिंतीला टेकून बसलेली. मी तिला विचारलं की आजीनं हिमगौरीत चेटकीण का घातली असेल, आपण सावत्र आहोत हे मुलांना टोचू नये म्हणून का?

आत्या म्हणाली, "अगं, ती गोष्ट आईची नव्हेच. मीच सांगितली तिला. शाळेत नव्या बाई आल्या होत्या, त्यांनी सांगितलेली. मी आठ-नऊ वर्षांची असेन. संध्याकाळी चुलीपाशी आईला सांगायला बसले, आणि राजानं दुसरं लग्न केलं इथपर्यंत आले. आई भाकरी थापत होती. मी तिच्या हाताकडे बघितलं आणि म्हटलं, मग तिथे एक चेटकीण आली."